पाटल्या एवढ्यात मोडू नका

डिचोली तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. थोरली मुलगी यंदा विज्ञान शाखेतून बारावी झाली, ७८ टक्के मिळाले. तिला जंगल, प्राणी, निसर्गसंवर्धन यातच शिकायचं आहे. परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक तिच्या हाती आलं आहे. 'वन्यजीव व निसर्गसंवर्धन' नावाची चार वर्षांची बी.एस्सी. असून फी आणि हॉस्टेल धरून वर्षाला सव्वादोन लाख लागतात. जागा राखून ठेवायला आठ दिवसांत पंचवीस हजार भरा, असा फोन येतो आहे. घराजवळच्या सरकारी महाविद्यालयात प्राणीशास्त्र आहे, पण ती 'साधी बी.एस्सी.' म्हणून मुलगी नाक मुरडते. वडिलांचे खाणीवर दोन टिपर होते. खाणी बंद झाल्यावर एक विकला, दुसऱ्याचे हप्ते फेडता फेडता घर मेटाकुटीला आलं. आता ते दुसऱ्याची गाडी चालवतात. त्यांचं म्हणणं, 'ज्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, त्यांचंच शिक्षण माझ्या पोरीनं घ्यायचं? त्यापेक्षा नर्सिंग कर.' आई विचारते: पाटल्या मोडून मुलीला पाठवू का? स्वस्तातला दुसरा रस्ता आहे का? पुढे नोकरी मिळते का? आणि मुलीच्या जातीनं रानात फिरणं कितपत बरं?

ताई,

आधी तातडीचं सांगते. ते पंचवीस हजार या आठवड्यात भरू नका. 'लवकर भरा, नाहीतर जागा जाईल' हे वाक्य मला दर जूनमध्ये पत्रांतून भेटतं. ज्या अभ्यासक्रमाला खरोखर रांग असते, त्याचे लोक पालकांना दिवसाआड फोन करत बसत नाहीत. पैसे आधीच भरून बसलेल्या पालकांसाठीही सांगून ठेवते: प्रवेश रद्द केला तर फी परत करण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे आणि तो खासगी विद्यापीठांनाही लागू आहे. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी कळवलं तर पूर्ण फी, त्यानंतर पण तारखेआधी कळवलं तर ९० टक्के, तारखेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात ८० टक्के, दुसऱ्या पंधरवड्यात ५० टक्के परत मिळते. त्यापुढे काही नाही. कधी कधी आयोग त्या वर्षापुरत्या याहून सवलतीच्या तारखा काढतो, त्या त्यांच्या संकेतस्थळावर असतात. मुलीची मूळ प्रमाणपत्रं मात्र कोणालाच अडकवून ठेवता येत नाहीत. तपासून झालं की परत मागा.

आता मूळ प्रश्न. तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. मुलीनं निवडलेलं क्षेत्र ही एक, आणि मुलीनं निवडलेली पदवी ही दुसरी. यजमान क्षेत्रालाच नाही म्हणतात, मुलगी पदवीला हो म्हणते, आणि मध्ये तुम्ही पाटल्यांकडे पाहत बसला आहात. क्षेत्राबद्दल मी मुलीच्या बाजूनं आहे. पदवीबद्दल नाही.

पदवीच्या नावात 'वन्यजीव' आलं म्हणजे वन्यजीवांची नोकरी मिळते, हे तिनं गृहीत धरलं आहे. तिच्या वडिलांना विचारा, टिपर घेताना टपावरच्या फळीवर काय रंगवलंय ते पाहतात की इंजिन पाहतात. देशातली या क्षेत्रातली सगळ्यात मानाची सरकारी नोकरी म्हणजे भारतीय वनसेवा. तिच्या परीक्षेला बसायला पदवीत पशुसंवर्धन व पशुवैद्यकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, प्राणीशास्त्र यांपैकी किमान एक विषय लागतो, नाहीतर कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत 'पर्यावरणशास्त्र' नाही, 'वन्यजीव' नाही आणि 'संवर्धन'ही नाही. म्हणजे नऊ लाख खर्चून घेतलेल्या पदवीच्या गुणपत्रिकेत प्राणीशास्त्र हा विषय त्या नावानं दिसला नाही, तर तिला अर्ज करतानाच अडचण येईल. आणि ज्या 'साध्या' बी.एस्सी.कडे पाहून ती नाक मुरडते, ती पदवी यादीत सरळ बसते. उद्या तिला उच्च माध्यमिकात शिकवावंसं वाटलं, तरी तिथे विषय विचारतील तो प्राणीशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र असाच.

माधव गाडगीळ यांचं नाव तुमच्या मुलीला नक्की माहीत असेल. पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल ज्यांच्या अध्यक्षतेखाली झाला, ते हे. त्यांची पहिली पदवी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाची, जीवशास्त्रातली, आणि एम.एस्सी. मुंबई विद्यापीठाची, प्राणीशास्त्रातली. हार्वर्ड त्यानंतर आलं.

खर्चाचा हिशेब तुम्ही फीपुरता मांडला आहे. तो पुढे नेऊ. चार वर्षांचे नऊ लाख कर्जानं उभे केले, व्याज १० टक्के आणि फेड सात वर्षांत धरली, तर महिन्याचा हप्ता १५,००० रुपयांच्या आसपास येतो. शिकताना साचलेलं व्याज मी यात धरलेलंच नाही. आता मिळकत पाहा. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधन प्रकल्पांत पदवीधर प्रकल्प सहाय्यकाचं मानधन २०२० च्या आदेशाप्रमाणे महिना २०,००० रुपये आणि वर घरभाडं इतकं आहे. संवर्धनातली मुलं बहुधा अशाच कामांतून सुरुवात करतात, तीही वर्ष-दोन वर्षांच्या करारावर. वीस हजारांतून पंधरा हजार हप्त्याला गेले तर पोरगी खाणार काय? हप्त्याचं ओझं म्हणजे काय ते तुमच्या घराला मी सांगायला नको. या क्षेत्रात खरा भाव दुसऱ्या पदवीनंतर येतो. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून ती महिना ३७,००० आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की पहिली पदवी जितकी स्वस्तात होईल तितकी करा, पण विषय भक्कम घ्या. वाचलेला पैसा दुसऱ्या पदवीसाठी आणि प्रत्यक्ष रानात काम शिकण्यासाठी हाताशी ठेवा.

'स्वस्त म्हणजे कमअस्सल' हे मात्र मुलीच्या मनातून काढावं लागेल, आणि ते भाषणानं निघणार नाही. तिला त्या सरकारी महाविद्यालयात घेऊन जा. फक्त कार्यालयात अर्ज घेऊन परत फिरू नका, प्राणीशास्त्राच्या विभागात जा. तिथल्या प्राध्यापकांना तिनंच विचारावं: वर्षातून किती वेळा बाहेर, शेतात, खाडीवर, रानात नेता? शेवटच्या वर्षाचा प्रकल्प स्वतः निवडता येतो का? तुमच्याकडून गेलेली मुलं आता कुठे आहेत? नेमके हेच प्रश्न त्या खासगी विद्यापीठालाही विचारा, आणि दोन जास्तीचे विचारा. या अभ्यासक्रमाची किती वर्षांची मुलं पदवी घेऊन बाहेर पडली आहेत? कायमस्वरूपी प्राध्यापक किती, त्यांतले वन्यजीवांवर स्वतः काम केलेले किती? उत्तरादाखल इमारतीचे फोटो आले, तर काय ते समजा.

गोव्यात प्रत्येक महाविद्यालयात प्रत्येक विषय मुख्य म्हणून घेता येत नाही. मिरामारच्या धेंपे आणि मडगावच्या चौगुले महाविद्यालयात प्राणीशास्त्र, वनस्पतिशास्त्राबरोबर भूशास्त्रही आहे. खाणपट्ट्यातल्या मुलीनं भूशास्त्राचा विचार न करता तो विषय सोडू नये, असं मला वाटतं. पण रोज डिचोलीहून मडगाव गाठायचं म्हणजे दिवस बसमध्येच जाईल, आणि खोली घेऊन राहायचं तर स्वस्ताईचा मुद्दाच संपला. कदंब बसचा विद्यार्थी पास काढून तासाभरात पोचता येईल अशा महाविद्यालयाला मी झुकतं माप देईन. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडे २०२३-२४ पासून चार वर्षांची पदवी आली आहे, पण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष काढायचं की नाही, ते तिसऱ्या वर्षी ठरवा.

साधी बी.एस्सी. साधी राहू नये, याला मात्र तिचं तिला खपावं लागेल. यात पैसे फारसे लागत नाहीत, सवय लागते. मये तलावावर आठवड्यातून एकदा पहाटे जायचं, दिसेल तो पक्षी तारीख-वेळेसकट ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचा. रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला गेलं की समोर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, पण खारफुटी शिकायला त्याहून चांगला वर्ग पैसे देऊन मिळणार नाही. सत्तरीत नानोडा-बांबर इथे निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. तिथली जायफळाच्या कुळातली पाण्यात उभी असणारी झाडं बघायला लोक लांबून येतात, आणि तुमची मुलगी अर्ध्या दिवसात जाऊन येईल. तीन वर्षं नेमानं ठेवलेली अशी नोंदवही एम.एस्सी.च्या मुलाखतीत टेबलावर ठेवली, की ती मुलीच्या बाजूनं बोलते.

गावातलं आणखी एक काम आहे, ते फारसं कोणाला सुचत नाही. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या माहितीवरून केलेली जैवविविधता नोंदवही असायला हवी. तुमच्या पंचायतीत जाऊन ती नोंदवही तिनं पाहायला मागावी. असेल तर वाचावी. कपाटात धूळ खात असेल किंवा अर्धवट असेल, तर समितीला म्हणावं, मी मदत करते. गावातल्या म्हाताऱ्यांकडून रानभाज्या, औषधी झाडं, जुन्या भातांची नावं गोळा करायची तर मराठी-कोंकणी बोलणारी गावचीच मुलगी लागते.

संगणकावरचं एक कौशल्य जरूर शिकू द्या, ते म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणं. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, म्हणजे इस्रोचीच, याचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत चालवते आणि प्रमाणपत्रही देते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे. आयआयटींच्या एनपीटीईएल या संकेतस्थळावर वन्यजीव परिसंस्थेचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात. ज्याला कीटकांची किंवा पक्ष्यांची शास्त्रशुद्ध ओळख हवी, त्याच्यासाठी मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. १८८३ सालची ही संस्था असून छोटे अभ्यासक्रम चालवते. यांतलं काय काय ते खासगी विद्यापीठ चार वर्षांत शिकवेल कोण जाणे, पण इथे त्याला सव्वादोन लाख पडत नाहीत, एवढं नक्की.

आता माझ्या सल्ल्याला एक अपवाद आहे. मुलीला वनखात्यातच जायचं असेल, तर घराबाहेर पडून घ्यावी अशी एक पहिली पदवी आहे: बी.एस्सी. वनशास्त्र, चार वर्षांची, सरकारी कृषी विद्यापीठांतली. आपल्या जवळ दोन ठिकाणं आहेत. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आणि कर्नाटकात शिरसीला, धारवाड कृषी विद्यापीठाचं. दोन्हीकडे सह्याद्रीचंच रान, म्हणजे झाडं ओळखीची. समुद्राकडे ओढा असेल तर मत्स्यशास्त्राची पदवी आहे, रत्नागिरीत आणि मंगळुरूत. सरकारी असल्यामुळे यांचा खर्च त्या खासगी विद्यापीठाच्या आसपासही जात नाही. अडचण एवढीच, की बाहेरच्या राज्यातल्या मुलांना यांत शिरायचं तर मुख्यतः कृषी अनुसंधान परिषदेच्या कोट्यातून, आणि त्याला सीयूईटी ही देशपातळीवरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच सुटतात. मुलीनं ती परीक्षा दिली की नाही, ते पत्रात नाही. दिली असेल तर आजच समुपदेशनाच्या तारखा पाहा. दिली नसेल तर यंदा बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन शिकता शिकता पुढल्या वर्षी द्यावी. मिळालं तर एक वर्ष गेलं म्हणायचं, नाही मिळालं तर काहीच गेलं नाही. त्या वर्षात तिला खरोखर वनशास्त्र हवंय की नुसतं 'बाहेर जायचंय', हेही कळेल. अठराव्या वर्षी बाहेर जावंसं वाटणं यात गैर काही नाही, पण त्याची किंमत नऊ लाख नसावी.

वनसेवेचं स्वप्न असेल तर तिला हेही सांगा, की गोवा हा अरुणाचल, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांबरोबरच्या एकाच संवर्गात येतो. इथे मिळाली तरी नेमणूक इटानगरला किंवा अंदमानला होऊ शकते. गोव्याच्या वनखात्यातल्या जागांसाठी मात्र पंधरा वर्षांचा निवास आणि कोंकणी आवश्यक, मराठी असल्यास उत्तम, अशा अटी जाहिरातींत असतात, आणि या बाबतीत डिचोलीची मुलगी पुण्या-मुंबईच्या मुलीपेक्षा पुढे आहे. राज्य लहान आहे, एक राष्ट्रीय उद्यान आणि सहा अभयारण्यं, त्यामुळे जागाही थोड्याच निघतात. फक्त त्यावर डोळा ठेवून बसू नये.

दुसऱ्या पदवीचं आताच सगळं ठरवायची गरज नाही, पण रस्ते दिसत असावेत. गोवा विद्यापीठात प्राणीशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सागरी विज्ञान आहे. प्रवेश जीयू-आर्ट परीक्षेतून होतो. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे समुद्राचं शिकायचं तर देशभरातली मुलं इथे येतात आणि आपली मुलं गोव्याबाहेर बघत बसतात. फक्त वन्यजीवच हवं असेल, तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही दोन मोठी नावं. जागा अगदी थोड्या, बंगळुरूला तर एक वर्षाआड प्रवेश. तिथे नाही जमलं तर तमिळनाडूत उटीचं शासकीय कला महाविद्यालय आणि मयिलादुतुराईजवळचं ए.व्ही.सी. महाविद्यालय इथे वन्यजीव जीवशास्त्राची एम.एस्सी. आहे. ही नावं माहितीपत्रकांत चमकत नाहीत, पण क्षेत्रात काम करणाऱ्यांना विचारा, ओळखतात. यांतल्या कुठेही जायला प्राणीशास्त्राची पदवी चालते. 'वन्यजीव' नावाची पहिली पदवी कोणीच मागत नाही.

पैशाचं थोडक्यात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती आहे: घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, बारावीत आपल्या शाखेत ८० पर्सेंटाइलच्या वर असायला हवं, आणि पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ८० पर्सेंटाइल म्हणजे ८० टक्के नव्हे, तर शंभरातल्या ऐंशी मुलांच्या पुढे असणं. ७८ टक्केवालीसुद्धा त्यात बसू शकते, म्हणून अर्ज करून पाहाच. तुम्ही इतर मागासवर्गात किंवा अनुसूचित जमातीत येत असाल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शिक्षण कर्ज योजना आहे. कोणत्या अभ्यासक्रमांना लागू होते ते महामंडळाच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि बँकेचं कर्ज काढावंच लागलं, तर बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. तेव्हा एम.एस्सी.साठी बँकेत जायची वेळ आली तरी दागिना बँकेच्या टेबलावर ठेवण्याआधी 'का?' असं विचारा.

राहता राहिले तुमचे यजमान. त्यांचा राग मी खोटा म्हणणार नाही. न्यायालयात गेली ती गोवा फाउंडेशन ही पर्यावरणाचं काम करणारी संस्थाच होती. पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द केल्या, त्या नूतनीकरण नियम धाब्यावर बसवून झालं म्हणून. त्या नूतनीकरणाच्या कागदावर टिपरवाल्याची सही नव्हती, आणि भुर्दंड मात्र त्यानं भरला. हे मुलीला कळायला हवं, म्हणजे ती उद्या कोणत्याही बाजूच्या घोषणा देण्याआधी दोनदा विचार करेल. आणि यजमानांना हे कळायला हवं, की २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले, खाणी परत येताहेत, आणि या वेळी प्रत्येक खाणीला पर्यावरणाचा परवाना, त्याच्या अटींची देखरेख, बंद करतानाचा आराखडा, हे सगळं कागदावर आणि जमिनीवर लागणार आहे. मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांना त्यासाठी परिसंस्था आणि जैवविविधतेचे जाणकार ठेवावे लागतात. म्हणजे मुलीला खाणीवरच नोकरी लागली, असंही होऊ शकतं!

डिचोलीतले डंप, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीचे ढीग, यजमानांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. कुठला पावसात खचला, कुठल्याचा गाळ कोणाच्या शेतात उतरला, कुठल्या खड्ड्यातलं पाणी उपसल्यावर कोणाची विहीर आटली, हे त्यांच्याइतकं कोणत्या पुस्तकात आहे? त्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया लावून हिरवं केलं गेलं. त्याखाली आपली झाडं परत येतात की नाही, कोणती येतात, किती वर्षांनी, हा एका मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला पुरून उरणारा प्रश्न आहे. तिनं तो घ्यावा आणि जागा दाखवायला बाबांना बरोबर न्यावं. हे मी त्यांची समजूत काढायला म्हणत नाही. त्यांच्याशिवाय तो प्रकल्प नीट होणारच नाही.

नर्सिंगबद्दल एवढंच, की ते चांगलं शिक्षण आहे, पण ते ज्या मुलीला हवं आहे तिच्यासाठी.

मुलीच्या जातीनं रानात फिरणं बरं का, असं तुम्ही विचारलंत. बायका रानात फिरतच आल्या आहेत, लाकडं, काजू, रानभाजी आणायला. तेव्हा आपण हे विचारत नाही. पण तुमची काळजी रास्त आहे, म्हणून कुठल्याही शिबिराला किंवा कामाला पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. रानात एकटीला पाठवतात की जोडीनं? मुक्काम कुठे, आणि तिथे दुसऱ्या बायका आहेत का? तक्रार करायची वेळ आली तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का? या प्रश्नांवर जो चिडेल, त्याच्याकडे पाठवू नका. बाकी पावसाळ्यात गमबूट, बरोबर बॅटरी, आणि साप चावला तर मांत्रिकाकडे नव्हे, सरळ १०८ ला फोन. वाघाबिबट्यापेक्षा फुरसं आणि घसरडा दगड यांची भीती जास्त बाळगावी.

याच विषयावर काणकोणच्या एका मुलाचंही पत्र आहे. तो कला शाखेचा आहे आणि विचारतो, आपल्याला या क्षेत्रात दार बंदच का? नाही. अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र घेऊन संवर्धनात काम करणारे पुष्कळ आहेत; खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींचे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारं, कोण सांभाळतं, कुळांच्या संघटना का मोडल्या, हे प्राणीशास्त्रवाला कुठे शिकतो? आणि वकिली हा तर सरळ रस्ता आहे. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे, गोव्याचे पर्यावरणाचे खटले तिथे चालतात, आणि उच्च न्यायालयाच्या गोवा पीठासमोर जंगल, किनारा, डोंगरकापणीची प्रकरणं सतत येत असतात. त्यानं कुठल्याही अनुदानित महाविद्यालयात बी.ए. करावं किंवा बारावीनंतरची पाच वर्षांची विधी पदवी घ्यावी. वर सांगितलेली पंचायतीची नोंदवही त्यानंही मागून वाचावी, आणि मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करावा. वकिलीचा पहिला धडा म्हणून तो वाईट नाही.